नापासांनी पास केलेली पक्कड

आमच्या व्याह्यांना गल्लीत सगळे 'नापास' म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट छाती दोन बोटं वर येते. ज्याला लोक नापास म्हणतात अशा माणसाचा हेवा करायची पाळी कुणावर येऊ नये. माझ्यावर आली आणि चांगली सव्वीस वर्षं टिकली. त्यातली गंमत अशी की खरा नापास मी. गावच्या शाळेत चौथीला दोनदा बसलो. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाळा, तू आता बसणं सोड. उभ्यानं करायचं एखादं काम शोध." शोधलं, तर ते नेमकं बसून करायचं निघालं. छत्र्यांची दुरुस्ती. चाळीस वर्षं एका जिन्याखाली, साडेतीन हात जागेत, मान तिरकी करून मी छत्र्यांच्या काड्या जोडल्या. मान अजून थोडी तिरकीच आहे. लोकांना वाटतं, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतो.

व्याही मात्र कारखान्यात होते. हत्यारांचा कारखाना: पकडी, पाने, कात्र्या. हजारभर माणसं, सकाळचा भोंगा, छातीवर बिल्ला. त्यातही ते बनवणाऱ्यांपैकी नव्हते. हजार माणसांनी बनवलेलं हत्यार शेवटी ज्या एका टेबलावर येतं, त्या टेबलामागे हे गृहस्थ एकतीस वर्षं बसले. समोर दिवा, हातात लाल खडू. हत्यार उचलायचं, तळहातावर तोलायचं, कानाशी नेऊन हलवायचं, दिव्यासमोर धरून फटी बघायच्या. बरं निघालं तर उजवीकडे. नाही निघालं तर लाल फुली आणि डावीकडे. तोंडातून एकच शब्द: "नापास." म्हणतात की एकदा मालकाच्या मुलानं स्वतः आखलेली नवी पक्कड चार साहेबांच्या घोळक्यात त्यांच्या टेबलावर आणली. व्याह्यांनी ती दोनदा उघडली, मिटली, फुली मारली आणि मुलाला विचारलं, "डावीकडे तुम्ही ठेवता की मी ठेवू?" नोकरी जायची, तर उलट पगार वाढला! मी कधी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं की साहेब, तुमची छत्री भिकार आहे, तर ते गिऱ्हाईक पुढच्या जिन्याखाली गेलं असतं.

लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तो दिवस काही माझ्या मनातून जात नाही. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवली. मग दाराची कडी दोनदा लावून काढली. मग आमच्या चिरंजीवांना समोर बसवून चार प्रश्न विचारले आणि आपल्या मुलीकडे वळून म्हणाले, "मुलगा पास. खुर्ची नापास."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. ती खुर्ची मी माझ्या हातानं केली होती.

सून लाख मोलाची मिळाली, तिच्याबद्दल तक्रारीचा चकार शब्द नाही. तिचं माहेर दोनच गल्ल्या पलीकडे, वडील एकटे, म्हणून ते दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. येऊ देत. जेवणाऱ्याला मी कधी नको म्हटलेलं नाही. पण मग नात झाली.

नात पाळण्यात होती तेव्हापासून मोडणारी. हातात येईल ते उघडून आत काय आहे बघायची. खेळण्यातली गाडी मोडली की माझ्याकडे: "आबा, जोडून द्या ना." मी गिऱ्हाइकाची छत्री बाजूला टाकून गाडी जोडायचो, आणि चाक असं बसवायचो की कंपनीनं बसवलं त्याहून हलकं फिरावं. गाडी हातात पडली की पोरगी काय करायची? आबांच्या गळ्यात पडायची? नाव नको! गाडी छातीशी धरून तडक दोन गल्ल्या पळत जायची आणि तिकडे उंबऱ्यातून ओरडायची, "नाना, बघा, पास का?" नाना ती दिव्यासमोर धरणार, कानाशी हलवणार आणि म्हणणार, "हं. पास." मग उड्या. जोडायचं मी, पास करायचं त्यांनी, आणि उड्या त्यांच्या दारात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

मी एकदा हे आमच्या हिला बोलून दाखवलं. ती शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पन्नाशी उलटली तुमची. पोरीच्या गाडीवरून काय जळता?"

"जळत नाहीये."

"मग धूर कुठून येतोय?"

तर हीच नात शिकली, सवरली आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली. दोन आठवड्यांनी सोमवारी हजर व्हायचं होतं. त्या रविवारी जेवताना ती म्हणाली, "मोठी हत्यारं कंपनी देते. पण खिशात आपलं एक मल्टिटूल लागतं. घडीची पक्कड असते ना, तिच्या मुठीत चाकू, स्क्रूड्रायव्हर, कानस, सगळं दुमडलेलं? ते. एका हातात बॅटरी असते आणि शिडीवरून सारखं उतरता येत नाही. तिथे प्रत्येकाचं स्वतःचं असतं."

मी व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातला घास तोंडात जायच्या आत मी ठरवलं की पोरीच्या खिशात जाईल ती पक्कड माझी. रोज सकाळी घरातून निघताना ती खिसा चाचपणार आणि खिशात आबा असणार. नाना नव्हे, आबा.

"मी बघतो एखादं धडसं," व्याही म्हणाले.

"बघा," मी म्हणालो. मनात म्हटलं, बघत बसा.

आणि ते खरोखरच बघत बसले. आठ दिवस बाजार पालथा घातला. हत्यारांच्या एका दुकानदारानं तर त्यांना लांबून येताना पाहिलं आणि भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. स्वस्त होतं ते ढिलं, महाग होतं ते जड, आणि एक सगळ्या बाजूंनी चांगलं निघालं तर व्याही म्हणाले, याची मूठ चकचकीत आहे, तेलकट हातातून सटकेल. पास करायची सवय नसलेल्या माणसाला खरेदी जमत नाही. मला जमते. मी बसथांब्याजवळच्या हातगाडीवर गेलो, छत्रीला नवं कापड घालायचे मी जेवढे घेतो तेवढ्यात एक मल्टिटूल घेतलं आणि पाच मिनिटांत घरी आलो. डबीवर लिहिलं होतं: बारा कामं. मी मोजली. पक्कड, तार कापायची धार, चाकू, करवत, कानस, दोन स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, पोखरायचं टोक. अकरावी म्हणजे कानशीवर कोरलेली मोजपट्टी. बारावं एक वाकडं पातं होतं, ते कशाचं हे गाडीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. "असू दे की काका," तो म्हणाला, "त्याचे वेगळे पैसे नाही घेतले."

पुढच्या रविवारी मी ते जेवायच्या आधीच पोरीच्या हातात ठेवलं. तिचे डोळे लकाकले. "आबा! तुम्ही आणलंत?" तिनं ते उघडलं, मिटलं, हवेत दोन नसलेल्या तारा कापल्या. आणि मग वळली. मला कळायला हवं होतं. "नाना, बघता?"

व्याह्यांनी हात पुसले. मल्टिटूल तळहातावर घेऊन डोळे मिटले. मग कानाशी धरून हलवलं. आत बारीक खुळखुळ झाली. मला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली. मग दिव्याखाली पक्कड मिटून धरली आणि पोरीला म्हणाले, "केस." तिनं लगेच स्वतःचा एक लांब केस उपटून दिला. मी इतकी वर्षं तिच्या खेळण्यांत जीव ओतला, मला कधी अर्धा केस मिळाला नाही. व्याह्यांनी केस पकडीच्या टोकांत धरून ओढला. केस सुळकन निसटला.

"टोकं जुळत नाहीत. जबडा डावीकडे सरकतो. पाती बसल्या जागी डुलतात. मुठीची कड बघ, दाबलीस की तळव्यात रुतेल." मग माझ्याकडे बघून, जरा बरं वाटावं म्हणून, "लोखंड वाईट नाही हं, व्याही. घडवणाऱ्याचा हात चांगला आहे. जोडणाऱ्याला घाई झाली. सांध्यांची रिबिटं नुसती बसवलीत, ठोकलेली नाहीत. आणि बारा कामं सांगतो तो एक तरी धड करील का?"

आणि खिशातल्या लाल खडूनं फुली मारली. माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, मी आणलेल्या वस्तूवर.

पोरगी समजूतदार. "राहू दे आबा, आपण दुसरं बघू," म्हणाली. समजूत घातली की माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड होतो. पण जेवता जेवता एक शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. रिबिटं ठोकलेली नाहीत. अहो, मी चाळीस वर्षं दुसरं केलं काय? छत्रीच्या एकेका काडीला तांदळाएवढी रिबिटं असतात. जास्त ठोकलं तर काडी मिटत नाही, कमी ठोकलं तर वाऱ्यात छत्रीचं फूल होतं. आणि वर हातोडीची खूण दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, काका, जुनी वाटतेय, नवी करून द्या. तर खूण न उठवता रिबीट कसं ठोकायचं हे मी शोधून काढलेलं आहे. ते मी कुणाला सांगत नाही. इथेही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसून फुली रॉकेलनं पुसली आणि मल्टिटुलाचं एकेक रिबीट घेतलं. जबड्याचं, मुठीची दोन, पात्यांची दोन. मुठीच्या कडा कानशीनं गोल केल्या. संध्याकाळपर्यंत ते असं झालं की कानाशी हलवलं तर आवाज नाही, दिव्यासमोर धरलं तर एक रेघभर उजेड आत शिरत नाही. तोंडात पाणी आलं म्हणा ना.

तिसऱ्या रविवारी मी सरळ खोटं बोललो. "दुकानदाराला झापला," मी म्हणालो, "बदलून दुसरा नग आणला."

व्याह्यांनी तळहातावर घेतलं. कानाशी हलवलं. पुन्हा हलवलं. दिव्यासमोर धरलं आणि धरूनच राहिले. केस मागितला, तो पकडीत धरून ओढला तर तुटला, पण सुटला नाही. चाकूच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. एकतीस वर्षांत ते नख राहिलं नव्हतं, पाचर झाली होती. पातं चटकन वर आलं.

"ताठ आहे," म्हणाले. "नवं आहे, ताठ असायचंच." आणि मग चिरंजीवांना पास केल्यापासून आमच्या घरात जे कुणी पुन्हा ऐकलं नव्हतं ते म्हणाले. "पास."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमची ही म्हणाली, "काय सांगता?" मी म्हणणार, बघा, शेवटी कुणी आणलं? तेवढ्यात व्याहीच पुढे बोलू लागले. "एकाच कारखान्यातले दोन नग, पण हा ज्यानं जोडला त्याच्या हाताला तोड नाही. रिबीट बघा. खूण कुठे आहे? एकतीस वर्षांत आमच्या हजार माणसांत असा हात मी दोघांचा बघितला असेल. भेटला असता तर पाठ थोपटली असती."

पाठ त्यांच्यापासून दीड हातावर होती. थोपटता येत नव्हती. आणि नात? नात माझ्याकडे धावेल म्हणून मी पाय आवरून बसलो, तर ती गेली नानांकडे. "नाना, तुम्ही पास केलंत म्हणजे आता प्रश्नच नाही!" आणि टाकलं खिशात.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. हिला खरं सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "स्वतःच्याच कामावर जळणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला!" म्हणाली.

पोरगी सोमवारी कामावर गेली. पुढच्या रविवारी जेवायला आली ती डाव्या अंगठ्याला पट्टी बांधून.

"काही नाही हो, नख तुटलं," ती पाटावर बसत म्हणाली. "काल शिडीवर होते. उजव्या हातात बॅटरी. डाव्या अंगठ्यानं पातं उघडायला गेले, तर हलेचना. जोर लावला तर नखच अर्ध्यावर तुटलं. मग आमच्या मोठ्या मेकॅनिकनी त्यांचं दिलं. म्हणाले, हे बंद कुलूप तुला कुणी निवडून दिलं?"

"मग तू काय म्हणालीस?" व्याह्यांनी विचारलं.

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा एक दोष आहे. "म्हटलं, माझ्या नानांनी पास केलंय. ते एकतीस वर्षं हेच काम करत होते." मग घाईनं म्हणाली, "ते हसले, पण चांगले आहेत हं."

व्याह्यांनी मल्टिटूल मागून घेतलं. पाचरीसारखं नख घातलं; पातं वर आलं. मग त्यांनी डाव्या हाताच्या करंगळीनं उघडून बघितलं. हललं नाही.  "चुकलो मी," म्हणाले आणि ताट अर्धं ठेवून उठले.

आता खरं सांगतो, मला काय वाटलं ते. वाईट? नाही. पहिल्या रात्री मला गाढ झोप लागली. एकतीस वर्षांत न चुकलेला माणूस माझ्या हातोडीनं चुकला. सकाळी चहा दोन कप प्यालो. पोरीच्या अंगठ्याचं वाईट वाटत होतं, पण नख काय, येतं पुन्हा. मल्टिटूल सुनेनं खणात टाकून दिलं होतं. तेवढं एक डाचत होतं.

पण त्यापुढच्या रविवारी व्याही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सून डबा घेऊन जायची आणि गप्प परत यायची. एकदा परत आली ती डोळे पुसत. "बाबांनी नवी बादली आणलीय," म्हणाली.

"मग त्यात रडायचं काय?" आमची ही म्हणाली.

"आई, बुडाला भोक आहे तिच्या. आणताना बघितली नाही म्हणे त्यांनी. म्हणाले, बघून तरी मला काय कळतं?"

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. नापासांनी न बघता बादली घ्यावी! अहो, ज्या माणसावर मी सव्वीस वर्षं जळलो, तोच राहिला नाही तर मी जळू कुणावर? संध्याकाळी खणातून मल्टिटूल काढलं आणि दोन गल्ल्या चालत गेलो.

एकच खोली त्यांची. खिडकीशी टेबल, टेबलावर तो दिवा, विझवलेला. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. कोपऱ्यात बादली, तिच्याखाली परात ठेवलेली.

"व्याही," मी उभ्यानंच सांगून टाकलं, "तो दुसरा नग नव्हताच. पहिलाच होता. फुली मी पुसली आणि रिबिटं मी ठोकली. तुम्हाला फसवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बसा म्हणाले. पाणी दिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही भले आहात. पण माझी समजूत घालायला खोटं बोलू नका."

"अहो, खरं सांगतोय!"

"त्यावर खूण नव्हती, व्याही. एकही नाही. मी दिव्याखाली बघितलं. छत्र्या जोडणं वेगळं."

आता बघा! जन्मात एकदा लबाडी केली, स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, तर हा माणूस मला चोरही मानायला तयार नाही! माझं डोकंच फिरलं. "घरात ढिली कात्री आहे?" मी विचारलं. होती. "चला माझ्याबरोबर."

जिन्याखाली त्यांना गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवलं. "तोंड तिकडे करा."

"का?"

"कारण तुमच्या टेबलामागे तुम्ही मला कधी बसवलं नव्हतंत."

त्यांनी निमूट तोंड फिरवलं. मी काम केलं, कात्री पुसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी हलवली. उजेडासमोर धरली. खिशातून भिंग काढलं आणि रिबिटाला नाक टेकेल इतकं जवळ नेलं. जिन्यावरून तीन माणसं वर गेली, दोन खाली आली. मग व्याही एकदम ओरडले, "म्हणजे मी पहिल्यांदा नापास केलं ते बरोबर होतं!"

"शंभर टक्के."

"आणि दुसऱ्यांदा पास केलं तेही..." इथे ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "नाही. तिथे चुकलोच. फटी तुम्ही बुजवल्यात, त्यात मी फसलो, ते ठीक. पण अंगठा तर माझाच होता. ताठ लागलं आणि मी म्हटलं, नवं आहे. हे उघडायचंय कुणी, ते विचारलंच नाही." त्यांनी स्वतःचं ते नख उलटसुलट करून बघितलं. "एकतीस वर्षं याच अंगठ्यानं तपासलं मी, व्याही. माझ्या पास केलेल्या किती कात्र्या कुणाकुणाला उघडता आल्या नसतील."

मी हातोडी पुसून ठेवली. मग ते म्हणाले, "ते ठोकायचं पुन्हा करून दाखवा."

"तोंड तिकडे करणार असाल तर."

"अहो, मला शिकायचंय."

"मलाही चौथीत शिकायचं होतं."

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते मी लगेच ओळखलं. ओळखणारच, सव्वीस वर्षं रोज दाढी करताना आरशात बघत होतो. अहाहा! त्या संध्याकाळी मला जिन्याखालची साडेतीन हात जागा कारखान्याएवढी वाटली.

ताठपणा मात्र मला काढता येत नव्हता. ठोकलेलं रिबीट परत सैल केलं की सगळं आधीसारखं खुळखुळणार. तिथे व्याह्यांचं डोकं चाललं. सांध्यात तेल आणि चिमूटभर दंतमंजन घालायचं आणि पातं उघडायचं, मिटायचं. मंजन बारीक घासत जातं, फट न पडता वाट मोकळी होते. एकेका पात्याला तीनशे वेळा. ते मोजायचे, मी उघडायचो. माझा अंगठा दुखला की मी मोजायचो. मी एकशे बारावरून एकशे वीसवर उडी मारली तर म्हणाले, "चौथी." चार दिवस हेच चाललं होतं. शेवटी सगळं रॉकेलनं धुऊन तेलाचा एकेक थेंब सोडला.

रविवारी व्याही जेवायला आले, सदऱ्याची बटणं जागच्या जागी. मल्टिटूल पोरीपुढे ठेवलं, आणि व्याही म्हणाले, "आज मी नाही बघणार. उजवा हात पाठीमागे घे. डाव्या अंगठ्यानं उघड." अंगठ्याचं नख अजून पुरतं आलं नव्हतं. तिनं ते खाचेत ठेवलं. पातं अलगद उठलं आणि जागेवर टक् करून बसलं. मिटलं. दुसरं उघडलं. ते वाकडं बारावं पातंसुद्धा उघडलं.

मग मी सगळी लबाडी सांगून टाकली, कारण आता नाही सांगितली तर व्याह्यांनी सांगितली असती आणि तेवढंही श्रेय त्यांच्याकडे गेलं असतं. पोरगी आधी डोळे विस्फारून बघत राहिली आणि मग पाटावरच आडवी होऊन हसायला लागली. "आबा, म्हणजे तुम्ही कॉपी करून पास झालात!" म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. व्याही ताटाकडे बघत जेवत होते. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

आता हे इथे संपायला हरकत नव्हती. पण काल पोरगी कामावरून आली ती जाम खुशीत.

"आमच्या मोठ्या मेकॅनिकना दाखवलं आपलं मल्टिटूल," म्हणाली. "त्यांनी उघडून बघितलं, म्हणाले, आता चालेल."

चहाला आलेल्या व्याह्यांचा कप हातातच थांबला. "त्यांनी तपासलं? कसं? दिव्याखाली धरून?"

"नाही नाना. असंच, हातात घेऊन."

"असंच!"

"आणि हे बघा, त्यांनी याला दोरी बांधून दिली. शिडीवरून निसटलं तर खाली कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून. सगळं सुचतं हो त्यांना."

दोरी. दोघांनी मिळून सत्तावीसशे वेळा पाती उघडली मिटली, पण दोरी आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमचं दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं.

"रविवारी त्यांना जेवायला घेऊन ये," व्याही म्हणाले.

"आणि म्हणावं, येताना तुमचं मल्टिटूलही घेऊन या," मी म्हणालो.

पोरगी हात धुवायला आत गेली, तेव्हा मी हळूच दोरीची गाठ ओढून बघितली. मग व्याह्यांनी ओढून बघितली. काही केल्या सुटेना. फार वाईट वाटलं.